केळीची पानं

आधी तोंड आलं.
तिखट झोंबतं म्हणून सिंधूनं मिरच्या कमी केल्या
आणि दोन महिने आम्ही फिकी आमटी खाल्ली, कुरकुरत.
दाताच्या डॉक्टरनं हिरड्यांचं औषध दिलं,
चुलतभावानं उष्णता सांगितली, सब्जा सांगितला.
मग पाठीवर फोड. पाण्यानं भरलेले, मऊ,
पदर घासला तरी फुटणारे.

ससूनमध्ये डॉक्टर बागवाननं, पोरगीच म्हणायची,
तिच्या खांद्यावर अंगठा ठेवून जरासा सरकवला
आणि वरचं कातडं बाजूला झालं.
मी तांबट. कसब्यात चाळीस वर्षं ठोके घालतोय.
कल्हई न धरलेलं भांडं मला कळतं:
नवसागर नीट न लावता कथील फिरवलं
की नखानंसुद्धा निघतं ते.
मी खाली बसलो.

पेम्फिगस, ती म्हणाली.
काका, बाहेरून काही आलेलं नाही.
हिच्याच रक्तातले राखणदार
हिच्या कातडीचे सांधे उसवतायत, परके समजून.
मी विचारलं, मग त्यांना समजवायचं कसं?
समजत नाहीत. झोपवावं लागतं.
आणि ते झोपले की चोरालाही दार उघडं.
इथे सही करा.

चादर अंगाला चिकटायची, ओढली की तिच्यासकट यायची.
सिस्टर म्हणाली, केळीची पानं आणा, कोवळी.
रोज पहाटे मंडई.
झेंडेमावशीनं विचारलं, केवढी पंगत?
म्हणालो, एकच माणूस.
तिला वाटलं श्राद्ध. चेहरा पाडून तिनं
दोन पानं वर घातली.
मी काही बोललो नाही.

उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, पुसायची, अंथरायची.
हिरव्यागार पानावर माझी बायको,
वाढल्यासारखी.

गोळ्यांनी चेहरा गोल झाला, साखर चढली,
रात्री दोनला टक्क जागी, छताचे तडे मोजत.
फोड तरी येतच राहिले.
मग ते महागडं औषध सलाइनमधून,
सकाळपासून दुपारपर्यंत, थेंब थेंब,
पंधरा दिवसांनी पुन्हा.
त्यासाठी दुकानातला मोठा बंब विकला.
कोरेगाव पार्कातल्या हॉटेलवाल्यानं नेला.
त्यात आता झाड लावलंय म्हणतात.

घरी आणली, तर घरच दवाखाना.
मेव्हण्याला सर्दी होती, दारातूनच परत पाठवला.
तो अजून बोलत नाही.
कापलेलं फळ नाही, लग्न नाही, बारसं नाही.
गणपतीत पेठेतून ढोल गेले,
तिनं मास्क लावून खिडकीची एक फळी उघडली
आणि मीच ती ओढून घेतली.
त्याचं मला अजून वाईट वाटतं.
कामावरून आलो की आधी हात धुतो, मग हाक मारतो.

कल्हईला आच कमी पडली तर कथील धरत नाही,
जास्त झाली तर जळून काळं.
मधली आच कोणी शिकवत नाही, हाताला येते.
डॉक्टर बागवान दर महिन्याला रक्ताचा कागद बघते,
पेन थांबवते, भुवई उचलते,
गोळी थोडी उतरवते.
तेव्हा मला ती भट्टीपुढे बसलेली दिसते.
बारा होत्या. आता अर्धी.
सिंधू ती विळीवर कापते, उरलेली अर्धी
हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवते उद्यासाठी.

काल मंडईत झेंडेमावशी म्हणाली,
बऱ्याच दिवसांनी! कितीजण जेवायला?
दोघं, म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.
हौसेनं दोन पानं आणली, पुसून मांडली.
सिंधूनं बघितलं.
ह्यावर नको, म्हणाली. पाठीला आठवतं.

मग स्टीलची ताटं घेतली.
आमटीत एक मिरची होती, अख्खी, उभी चिरलेली.
तिनं ती जिभेच्या टोकाला लावली,
थांबली,
आणि उचलून माझ्या ताटात ठेवली.